दिवसभराचा शीण उतरवायचा कसा? सोलापूरकरांसाठी संध्याकाळची घडी

सोलापुरात १८७७ साली पहिली कापडगिरणी निघाली आणि पुढे कितीतरी दशकं या गावाचा दिवस भोंग्यावर चालला. भोंगा झाला की पाळी सुटायची. काम संपलं की नाही, हे कुणाला ठरवत बसावं लागायचं नाही. आता त्या गिरण्या बंद आहेत. यंत्रमाग आहेत, टॉवेलचे कारखाने आहेत, दुकानं, दवाखाने, क्लासेस आहेत, घरून लॅपटॉपवर चालणारी कामं आहेत, आणि रात्री साडेनऊला ताटावर बसलं की पार्टीचा फोन येतो, "साहेब, तेवढं एक बिल बघता का?"

कामानं अंग दमतं ते एका रात्रीच्या झोपेनं भरून येतं. काम संपलंच नाही हे जे डोक्यात राहतं, ते मात्र झोपही लागू देत नाही. म्हणून पुढची सगळी पद्धत एकाच गोष्टीवर उभी आहे: भोंगा आता आपला आपण वाजवायचा. रोज एकाच खुणेनं काम बंद करायचं, मग आधी अंग आणि नंतर डोकं सैल सोडायचं. क्रम उलटा केला तर जमत नाही. घामेजलेल्या अंगानं, पायातले मोजेसुद्धा न काढता ध्यानाला बसणारे लोक मी पाहिलेत. पाचव्या मिनिटाला त्यांच्या हातात मोबाइल असतो.

मी टॉवेल कारखान्यांचे हिशेब लिहितो. महिन्याच्या ११ आणि २० तारखा, म्हणजे जीएसटीची विवरणपत्रं भरायचे दिवस, जवळ आले की आमच्याकडे संध्याकाळ नावाची गोष्टच उरत नाही. तेव्हा हे सगळं निवांत माणसानं निवांत माणसांसाठी लिहिलंय असं समजू नका. आणि यातलं सगळं करायचंही नाही. दोन-तीन गोष्टी उचला. दहा गोष्टींची यादी केली की ती यादीच नवीन काम होऊन बसते.

पहिलं काम: उद्याची वही

ही गोष्ट कामाच्या जागीच करायची, निघायच्या आधी पाच मिनिटं. घरी आणली की तिची धार जाते.

एक साधी दोनशे पानी वही घ्या. मोबाइलमधली यादी चालेल का, असं विचारणारे खूप भेटतात. चालते, पण ती लिहायला मोबाइल उघडावा लागतो आणि उघडल्यावर काय होतं ते आपल्याला माहीत आहे. वहीत आज काय झालं ते लिहायचं नाही, उद्या काय करायचं ते लिहायचं. आणि "जीएसटी बघणे", "बँकेचं काम" असं मोघम लिहायचं नाही. उद्या सकाळी हात कुठे घालायचा, ती पहिली कृती लिहायची. माझ्या वहीतलं एक पान असं असतं:

"१०.३० – दत्तनगरच्या पार्टीला फोन. सूतखरेदीची दोन बिलं राहिलीत, ती व्हॉट्सॲपवर मागवणे.
११.०० – बँक. चेकबुक पिशवीत टाकलंय.
दुपारी – ई-वे बिलातला गाडीनंबर ट्रान्सपोर्टवाल्याकडून तपासून घेणे.
घर – गॅस बुक. आईची बीपीची गोळी शनिवारपर्यंतच आहे."

शेवटची ओळ महत्त्वाची. घरची कामं वेगळ्या कागदावर ठेवली की तीच रात्री साडेअकराला आठवतात.

याला आधारही आहे. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठातल्या झोपेच्या प्रयोगशाळेत ५७ तरुणांवर केलेला एक प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. काहींनी झोपण्यापूर्वी पाच मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिली, काहींनी उरकलेल्या कामांची. पुढची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊएक मिनिटं लवकर झोप लागली, आणि यादी जितकी बारकाईची तितकी झोप लवकर. ५७ माणसं म्हणजे फार मोठा आकडा नाही. पण पाच मिनिटं आणि एक पेन एवढाच खर्च असेल तर करून बघायला काय हरकत आहे?

वही मिटली की एक ठरावीक शेवटची कृती करायची, हाताला जाणवेल अशी. दुकानदाराला शटर आहे, त्याचं सोपं. मी की-बोर्डवर नॅपकिन टाकतो. शिलाई मशीनवर कव्हर, टेबलाच्या खणाला किल्ली, लॅपटॉप पिशवीत घालून पिशवी कपाटात, काहीही चालेल. घरून काम करणाऱ्यांनी हे जास्त काटेकोरपणे करावं, कारण त्यांना रस्ताही मिळत नाही. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर उघडा असेल तर ते घर रात्रभर ऑफिसच राहतं.

उरतो पार्टीचा फोन. तो बंद होणार नाही, सोलापुरात तर नाहीच, इथे धंदा ओळखीवर चालतो. म्हणून उत्तर ठरवून ठेवा: "उद्या सकाळी दहानंतर बघून सांगतो." एवढंच. कारण द्यायचं नाही, माफी मागायची नाही. आणि मग सकाळी दहानंतर खरंच सांगायचं. दोन-चार वेळा वेळेवर उत्तर मिळालं की माणसं रात्री विचारायची आपोआप कमी होतात.

वाटेत दहा मिनिटं

अक्कलकोट रोड एमआयडीसीतून किंवा होटगी रोडवरून येताना सात रस्त्याच्या सिग्नलला सहाच्या पुढे जी दाटी होते, तिच्यातून थेट घरात शिरलं की हॉर्नचा आवाज डोक्यात घेऊनच शिरतो. जमलं तर वाटेत कुठेतरी गाडी लावून दहा मिनिटं पायी चाला. गावात असाल तर सिद्धेश्वर तलावाचा काठ आहे, समोर मंदिर, बाजूला भुईकोट किल्ल्याची तटबंदी. विजापूर रोडकडच्यांना संभाजी तलाव जवळ, जुन्या लोकांच्या तोंडी तो अजून कंबर तलावच आहे. चालताना हेडफोन नको आणि चालण्याचे आकडे मोजणंही नको. डोळ्यांना दिवसभर हातभर अंतरावरचा पडदा दिसलेला असतो, त्यांना लांबचं काहीतरी बघू द्या.

सूर्यास्त डिसेंबरच्या सुमाराला सहाच्या आतच होतो, जूनमध्ये सातपर्यंत उजेड असतो. त्यामुळे हिवाळ्यात ही वेळ हुकते. तेव्हा हे सोडून द्या, बाकीच्या गोष्टी आहेत. जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरली की होम मैदानाच्या आसपास चालायची कल्पनाही करू नका. तेव्हा गर्दीत मिसळून भजी खाणं हाच विसावा.

उंबरा ते मोरी

खरी गंमत इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

घरात आल्यावर पहिली दहा मिनिटं कुणाशी हिशेबाचं, शाळेचं, लाइट बिलाचं बोलायचं नाही, असं घरात एकदा ठरवून टाका. चप्पल काढायची, किल्ली खुंटीला, मोबाइल एका ठरलेल्या जागी (आमच्याकडे फ्रिजवर), आणि सरळ मोरीत. बाहेरून आल्यावर पाय धुवायची आपल्याकडची रीत आजीनं स्वच्छतेसाठी लावली असेल, पण विसाव्यासाठी तिच्यासारखी दुसरी सोय नाही. पायांवरून पाणी गेलं की अंगाला कळतं, आलो.

पाय असे धुवायचे: छोट्या स्टुलावर बसा. उभं राहून, एका हातानं भिंत धरून धुतलेले पाय हिशेबात धरू नका. आधी गुडघ्याखाली पोटऱ्यांवर दोन तांबे, मग घोटे, मग तळवे. अंगठ्यानं टाचेपासून चवड्यापर्यंत दाबत जा. बोटांच्या बेचक्यात बोट घालून चोळा. मग कोपरापर्यंत हात, मानेची मागची बाजू, कानांच्या पाळ्या, चेहरा. टॉवेलनं पुसताना बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, नाहीतर पावसाळ्यात चिखल्या होतात. या सगळ्याला अर्धी बादली पुरते. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात यापेक्षा जास्त सांगणं बरं दिसणार नाही.

उन्हाळ्याची इथली अडचण वेगळी आहे. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या घरात जातो आणि गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी संध्याकाळी सहाला चटका देतं. म्हणून सकाळीच एक बादली भरून मोरीत, सावलीत झाकून ठेवा. संध्याकाळी ते पाणी आणि टाकीचं पाणी मिसळून घ्यायचं.

आता अंघोळीचं. उन्हातून आल्याआल्या गार पाण्यानं अंघोळ केली की क्षणभर बरं वाटतं, पण झोपेला तिचा फारसा उपयोग नाही. गार पाण्यानं कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच राहते. कोमट-गरम, म्हणजे चाळीस ते बेचाळीस अंशांच्या पाण्यानं, झोपायच्या एक-दोन तास आधी दहा मिनिटं अंघोळ केली तर हातापायांच्या कातडीकडे रक्त येतं, तिथून उष्णता बाहेर जाते आणि अंगाचं आतलं तापमान उतरतं. हे तापमान उतरणं ही शरीराला झोपेची खूण असते. थर्मामीटरची गरज नाही. बाळाच्या अंघोळीला बघतात तसं कोपर बुडवून बघा, सुखावणारं पण न भाजणारं. एप्रिलमध्ये सोलापुरात त्यासाठी गिझरही लागत नाही, टाकी आहेच!

रोज रात्री अंघोळ जमणार नसेल तर पाय भिजवा. घोटे बुडतील एवढं कोमट पाणी, दहा मिनिटं. त्यात मीठ टाकायचं तर टाका, मिठानं काही जादू होत नाही, पाणी कोमट असणं महत्त्वाचं. मधुमेह असलेल्यांनी मात्र पाण्याची ऊब पायानं तपासू नये. पायांची संवेदना कमी झालेली असली तर भाजलेलं कळत नाही. हातानं तपासा, किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाला तपासायला सांगा, आणि पाय पुसताना तळव्याला कुठे चीर, फोड नाही ना ते बघून घ्या.

काशाची वाटी घरात असेल तर ती बाहेर काढा. तळपायाला थोडं खोबरेल किंवा करडईचं तेल लावून वाटीनं गोल-गोल घासायचं, एका पायाला पाच-सात मिनिटं. तळपाय काळा पडला की "बघ, किती उष्णता निघाली" असं म्हणतात. तो काळा रंग धातू आणि तेल घासल्यामुळे येतो, त्याचा उष्णतेशी संबंध नाही. पण त्या घासण्यानं डोळे जड होतात हे मात्र खरं, आणि मला तेवढं पुरे आहे. घासून झाल्यावर पाय पुसल्याशिवाय फरशीवर पाऊल टाकू नका, तेलानं घसरायला होतं.

टॉवेलच्या गावात राहतो म्हणून एक सांगून टाकतो. अंग पुसायला जाडजूड नवा टॉवेल काढलात आणि पाणी टिपेना, तर दोष टॉवेलला देऊ नका. नव्या टॉवेलवर फिनिशिंगचा थर असतो. दोन-तीन धुण्यांत तो जातो आणि मग फासे, म्हणजे टॉवेलवरची ती छोटी वेटोळी, पाणी प्यायला लागतात. आणि टॉवेल धुताना कपडे मऊ करणारं औषध वापरू नका, त्यानं पुन्हा तोच थर चढतो.

चहा, जेवण, शतपावली

चहाबद्दल बोललं की लोक रागावतात. तरी सांगतो. चहा-कॉफीतलं कॅफिन निम्मं उतरायला पाचेक तास लागतात, काहींना त्याहून जास्त. संध्याकाळी सातला घेतलेल्या चहातलं निम्मं कॅफिन रात्री बाराला अंगात असतं. म्हणून शेवटचा चहा पाच-साडेपाचला. त्यानंतर हात रिकामा वाटत असेल तर उन्हाळ्यात पन्हं किंवा जिरं घातलेलं ताक, थंडीत हळदीचं दूध. संध्याकाळच्या चहाची खरी ओढ चहाची नसते, कुणाबरोबर तरी पाच मिनिटं टेकायची असते. ते टेकणं ठेवा, पेला बदला.

जेवण झोपेच्या दोन-अडीच तास आधी. रात्री ज्वारीची भाकरी, भाजी, शेंगाचटणी, ताक यावर भागत असेल तर उत्तम. कडक भाकरी चुरून दह्यात कालवली आणि वर चटणी-कांदा घेतला की चूल न पेटवताही जेवण होतं, आणि दमलेल्या घरात ती फार मोठी गोष्ट आहे. तांबडा रस्सा आणि मटण रविवारी दुपारी खा. रात्री अकराला खाल्लेलं मटण पोटात असताना कसला शीण उतरतोय! दारूनं शीण उतरतो असं वाटतं, डोळाही लवकर लागतो, पण रात्रीच्या उत्तरार्धात तीच झोप मोडते.

जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाला, रमतगमत. रक्तातली साखर जेवणानंतर जी उसळते ती त्यानं कमी उसळते. गल्लीत कुत्री असतील तर गच्चीवर, गच्ची नसेल तर पॅसेजमध्ये.

आणि घरातल्या बाईचं काय?

हे सगळं मी उत्साहानं बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अहो, ते पाय भिजवायचं पाणी तापवून कोण देणार?"

प्रश्न अगदी रास्त आहे. नोकरी करून सहाला घरी येणाऱ्या बाईची दुसरी पाळी सहा वाजता सुरू होते आणि ती ओटा पुसल्यावर संपते. ओटा पुसून झाला की दूध विरजायचं, डाळ भिजवायची, गणवेश बघायचा. या घरात संध्याकाळ शांत करायची तर पाय धुण्याआधी कामं वाटून घ्यावी लागतील. आमच्याकडे ठरलंय ते असं: जो आधी घरी येतो तो कुकर लावतो, जेवणानंतरची भांडी आणि ओटा माझ्याकडे, आणि साडेनऊनंतर स्वयंपाकघराचा दिवा बंद. नंतर कुणाला भूक लागली तर डब्यात चिवडा आहे. दिवा बंद होणं ही तिची खूण. तिच्या पहिल्या दहा मिनिटांनाही तोच नियम: ती आल्याआल्या "भाजी काय करतेस" विचारायचं नाही.

पूर्व भागात घरोघरी विड्या वळल्या जातात. त्या बायांना तर कामाची जागा आणि घराची जागा एकच. मांडीवरचं सूप उचलून ठरलेल्या कोपऱ्यात ठेवणं, उरलेली पानं ओल्या फडक्यात गुंडाळणं आणि साबणानं हात कोपरापर्यंत धुणं, हा तिथला भोंगा. तंबाखूची धूळ हाताला असते म्हणून जेवणाआधी तो साबण तसाही हवाच. मग बोटांसाठी तीन मिनिटं: मूठ घट्ट आवळा, पाच आकडे धरा, बोटं पूर्ण फाकवून सोडा, असं आठ-दहा वेळा. मग हनुवटी छातीकडे, मग छताकडे, सावकाश. दिवसभर मान खाली असते, तिला उलट दिशा दाखवायची.

अंग सैल, मग श्वास

दिवसभराचा ताण कुठे साठलाय ते माणसागणिक वेगळं असतं. खुर्चीत बसणाऱ्यांचे खांदे कानांकडे चढलेले असतात, मागावर उभं राहणाऱ्यांच्या पोटऱ्या दगड झालेल्या असतात, दिवसभर गिऱ्हाइकाशी गोड बोलणाऱ्यांचा जबडा आवळलेला असतो. तो भाग मुद्दाम आणखी आवळा, पाच-सात सेकंद, मग एकदम सोडून द्या आणि वीस-तीस सेकंद नुसतं तिकडे लक्ष ठेवा. पायापासून वर चेहऱ्यापर्यंत एक फेरी करायची. एडमंड जेकबसन या अमेरिकी डॉक्टरनं गेल्या शतकाच्या पूर्वार्धात ही पद्धत बसवली, आणि झोपेच्या तक्रारींसाठी ती आजही शिकवली जाते. पेटके येत असतील तर पोटरी फार आवळू नका.

मग श्वास. नाकानं चार आकडे आत, सहा आकडे बाहेर. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात, पाच मिनिटं पुरे. बाहेर सोडणं लांबवलं की हृदयाचे ठोके जरा मंदावतात, बाकी काही साधायचं नाही. आकडे आपल्या घरच्या भाषेत मोजा. आमच्या गल्लीत कुणी ओंदु-एरडु मोजेल, कुणी ओकटी-रेंडु, कुणी एक-दोन, आणि रागावलेला माणूस हिंदीत. पाठ टेकून, पाय भिंतीला उभे लावून केलं तर पायांची सूजही ओसरते. ज्यांना काचबिंदू किंवा आवाक्यात नसलेला रक्तदाब आहे त्यांनी पाय वर करण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

जप, हरिपाठ, नमाज, दिवेलागणीची शुभंकरोती, ज्याच्या घरी जे आहे ते याच कामाला येतं. त्यात ठरावीक वेळ, ठरावीक जागा आणि लयीतला श्वास आधीच आहे. वेगळं ॲप घ्यायची गरज नाही.

उन्हाळ्यातली गच्ची

मार्च संपला की सोलापूरच्या घरात रात्री झोपणं म्हणजे शिक्षा. स्लॅब दिवसभर तापतो आणि घेतलेली उष्णता मध्यरात्रीपर्यंत खोलीत सोडत राहतो. पंखा तीच गरम हवा फिरवतो. कूलर इथे छान चालतो, कारण हवा कोरडी असते, पण त्यासाठी खिडकी थोडी उघडी हवी. सगळं बंद करून कूलर लावला तर तासाभरात दमटपणा होऊन चिकचिक सुरू.

ज्यांना गच्ची आहे त्यांनी सूर्य मावळल्यावर पाणी मारावं. प्यायचं पाणी वापरू नका. कपडे विसळलेलं, भाज्या धुतलेलं पाणी दुपारपासून एका बादलीत साठवा. पहिलं पाणी मारलं की वाफ येते आणि उकाडा उलट वाढल्यासारखा वाटतो. थांबा. अर्ध्या तासानं दुसरं पाणी, आणि साधारण साडेआठ-नऊला चटई, तिच्यावर सोलापुरी चादर. चादर जाड सुताची असल्यानं खालची धग वर येत नाही, आणि पहाटे गारवा सुटला की तीच अंगावर ओढता येते. मच्छरदाणीला चार कोपऱ्यांत वीट-काठीची सोय करून ठेवा, रोज रात्री शोधाशोध नको. पाणी साठवणाऱ्या गावात डेंगीचा डास घरच्याच पिंपात वाढतो, म्हणून पिंपं झाकलेली हवीत आणि आठवड्यातून एकदा रिकामी करून घासलेली. कठडा बुटका असेल तर मुलांची अंथरुणं मधोमध.

आणि मग वर बघा. मे महिन्यात नऊच्या सुमाराला उत्तरेकडे सप्तर्षी उंच दिसतात. त्यांच्या शेपटीच्या तीन ताऱ्यांची वाकडी रेघ तशीच पुढे नेली की तांबूस झाक असलेली स्वाती सापडते, आणि तीच रेघ आणखी पुढे ओढली की पांढरीशुभ्र चित्रा. गच्चीवरच्या पोराला हे एकदा दाखवलं की दुसऱ्या दिवशी तोच आपल्याला दाखवतो. थंडीत जानेवारी-फेब्रुवारीत मृगाचे तीन तारे आणि त्यांच्या रेषेत चमकणारा व्याध. मोबाइलवरचं तारे ओळखायचं ॲप इथे काढलंत तर सगळं मुसळ केरात.

दिवे आणि फोन

थोडक्यात: झोपायच्या तासभर आधी वरची पांढरी ट्यूब बंद, कोपऱ्यातला पिवळा दिवा चालू. तीव्र उजेडानं मेलॅटोनिन हे झोपेचं संप्रेरक दबतं. फोन चार्जिंगला दुसऱ्या खोलीत. गजराचं कारण सांगणाऱ्यांनी साधं गजराचं घड्याळ घ्यावं. टीव्हीवरची मालिका बघायची असेल तर खुशाल बघा, पण बातम्यांमधली भांडणं झोपण्यापूर्वी नकोत.

रात्रपाळी असेल तर

यंत्रमागावर बारा-बारा तासांच्या पाळ्या असतात आणि खात्यातला आवाज नव्वद डेसिबलच्या पुढे जातो. तिथून सकाळी सुटलेल्या माणसाला सगळ्यात आधी शांतता हवी. कानात इअरफोन घालून गाणी ऐकत घरी जाणं म्हणजे कानांना आणखी एक पाळी. जमलं तर कामावर असताना कानात बोळे घाला, निदान परतीची वाट तरी मुकी ठेवा. सकाळचं ऊन डोळ्यांवर कमी पडेल असं बघा, टोपी किंवा गॉगल घालून या. घरी पाय धुऊन थोडं खा आणि खिडकीला जाड चादर लावून झोपा, ती तर घरात असतेच. दारावर पाटी लावायला लाजू नका. सिलिंडरवाला, भाजीवाला, शेजारी, सगळ्यांना कळू दे की आत कुणीतरी झोपलंय.

यानं भागत नाही तेव्हा

आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री झोप लागत नाही किंवा मोडते, आणि असं तीन महिने चाललंय, तर पाय भिजवत बसू नका, डॉक्टरकडे जा. मोठ्यानं घोरणं, झोपेत श्वास अडकणं आणि दिवसा गाडीवर डुलकी येणं याचंही तेच. कशातच मन लागत नाही, सारखी धास्ती वाटते, जगणं नको वाटतं, असं असेल तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

सुरुवात कुठून

पहिल्या आठवड्यात फक्त वही आणि पाय धुणं. दुसऱ्या आठवड्यात शेवटच्या चहाची वेळ मागे घ्या. त्यानंतर जे आवडेल ते एक: काशाची वाटी, श्वास, नाहीतर गच्ची.

पाण्याच्या दिवसाचं वेगळं ठेवा. रात्री अकराला किंवा पहाटे चारला पाणी सुटलं तर त्या दिवशी पिंपं भरणं हेच काम, बाकी सगळ्याला सुट्टी. फक्त वही सोडू नका. लग्नसराईत, गड्ड्यात, ११ आणि २० तारखेच्या आदल्या दिवशीही तेवढीच ठेवा. आणि पिंपं भरून झाल्यावर नळाखाली पाय धरायला कुणाची ना आहे?